आधीचा फोटो

“छे हो, आधीचीच बरी होते मी!” बकुळाबाई म्हणाल्या.

डॉक्टर केतकी थोरातांच्या टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्यावर बकुळाबाई डुबल शेजारी शेजारी दोनदा बसल्या होत्या. डावीकडे चार महिन्यांपूर्वीच्या, उजवीकडे आजच्या. मधल्या काळात त्यांच्या चेहऱ्यावर तीन वेळा बारीक सुयांचं यंत्र फिरलं होतं. ते सोसून बाई तजेलदार व्हायच्या होत्या. पडद्यावर मात्र त्या चार महिन्यांत सहा वर्षांनी पिकल्या होत्या.

“बाई, नीट बघा ना,” डॉक्टर म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. कारण त्याही नीटच बघत होत्या.

“छत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी. बघायचं कसं ते मला शिकवू नका.” बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि नाक पडद्याला टेकवलं. “ही डोळ्याची कड बघा. आधी काही नाही. आता कोंबडीनं उकरल्यासारखं. हा ओठाच्या वरचा भाग. आधी सपाट, आता चुरगळलेला. सुयांतून तुम्ही औषध घातलंत का वय?”

मी मागे भिंतीशी कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होतो. दोन्ही फोटो माझेच. आजच्यात तक्रारीला जागा नव्हती. समोर बसलेल्या बाई आणि पडद्यावरच्या बाई एकच होत्या. मग माझी नजर डावीकडच्या फोटोवर गेली. ती डोळ्याची कोरी कड मी ओळखली. ती बाईंची नव्हती. ती माझी होती.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावन्नचा होतो आणि कराडच्या बाजारपेठेत ‘लाटकर फोटो’ नावाचा माझा स्टुडिओ शेवटचे श्वास मोजत होता. त्याआधीची चौतीस वर्षं झकास गेली. आमच्या धंद्याचा जीव टचिंगमध्ये. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचं नको ते घालवायचं. देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, जागरणं, काळज्या. मुलीचा स्थळाचा फोटो असेल तर जरा जास्तच. तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी माझ्या पेन्सिलीनं जमवल्यात. एकदा एका मुलीच्या गालावरचा तीळ काढून टाकला आणि मुलाकडचे बघायला आले ते ‘ही थोरली असेल, फोटोतली धाकटी दाखवा’ म्हणून हटून बसले. एवढी एकच तक्रार. बाकी टचिंग केल्याशिवाय फोटो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा म्हणजे गाळल्याशिवाय चहा पाहुण्यापुढं ठेवायचा.

पुढे पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. जावयानं मला उंदीर फिरवायला शिकवलं. हात तोच राहिला. मग मोबाइल आले आणि माणसं स्वतःच स्वतःचे फोटो काढू लागली, हात लांब करून. स्टुडिओत मी आणि मागचा पडदा, एवढेच राहिलो.

तशात डॉक्टर केतकी दुकानात आल्या. चौतिशीच्या, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर.

“काका, माझ्या पेशंटचे फोटो काढाल? उपचाराच्या आधी आणि नंतर. वीस-पंचवीस बायका आहेत.”

“काय आजार आहे?”

“आजार नाही. वय आहे.”

“मग ते बरं होतं का?”

“तेच तर बघायचंय.” त्या स्टुलावर बसल्या. “चिरफाड नाही, टाके नाहीत. बधिर करणारं मलम लावायचं, बारीक सुया असलेलं यंत्र फिरवायचं. त्यानं कातडी आपली आपण नवी व्हायला लागते. पण नुसत्या सुयांपेक्षा जोडीला काही दिलं तर जास्त गुण येतो म्हणतात. आता जोड कुठली चांगली? म्हणून मी काय करणार, उजव्या गालावर सुया आणि पेशंटच्याच रक्तातून काढलेलं पिवळं पाणी. डाव्या गालावर त्याच सुया, आणि काही दिवसांनी सौम्य आम्लाचा हात.”

“म्हणजे एकाच बाईचे दोन गाल वेगवेगळे?”

“हो. ऊन तेच, झोप तीच, जेवण तेच. तुलना चोख.”

“आणि एक गाल तरणा झाला नि एक मागं राहिला तर?”

“मागं राहिलेल्याला शेवटी चांगली ट्रीटमेंट देणार. तसं लिहूनच दिलंय.”

पुढे त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पुण्याला त्वचारोगवाल्यांची मोठी परिषद होती आणि तिथं त्यांना हे संशोधन वाचायचं होतं. त्यांचे जुने सर तिथं पहिल्या रांगेत बसणार होते. डॉक्टर कराडला दवाखाना टाकायला निघाल्या तेव्हा हे सर म्हणाले होते, “तालुक्यात संशोधन नसतं, केतकी. तालुक्यात नायटा असतो.”

“मी नायटाही बरा करते,” डॉक्टर मला म्हणाल्या. “पण हेही करणार.”

मला बाई आवडल्या. मी हो म्हटलं.

त्यांनी सूचना दिल्या त्या अशा. जमिनीवर खूण, कॅमेरा तिथंच. उजेड एकच. केस पट्ट्यानं मागं. पावडर नाही, कुंकू चालेल, हसायचं नाही. एक फोटो समोरून, एक उजवीकडून, एक डावीकडून. मी सगळं वहीत लिहून घेतलं. टचिंग करू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. कुठल्या डॉक्टरच्या मनात येईल ते? आणि करू का, असं मी विचारलं नाही. श्वास घेऊ का, असं आपण विचारतो का?

तर पहिले फोटो काढले, कार्ड घेऊन दुकानात आलो, चोवीस बायकांचे बहात्तर फोटो, एकेकीवर मन लावून बसलो. इतकं सुबक काम बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. सीडी करून दवाखान्यात दिली. डॉक्टरांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली, कारण त्यांच्यासमोर रोज खरे चेहरे येत होते, फोटो बघायची गरज नव्हती.

उपचार सुरू झाले आणि गावाला नवीन खेळ मिळाला. दोन गालांत पुढं कोण, यावर घरोघरी मतं पडली. एकीच्या नवऱ्याला मोटरसायकलवर मागं बसलेल्या बायकोचा डावाच गाल आरशात दिसायचा, तो डाव्याच्या बाजूचा. एकीच्या सासूनं जाहीर केलं की उजवा माहेरचा आहे, डावा सासरचा, आणि सासरचाच उजळणार. चौघी मध्येच गळाल्या. एकीला रक्त बघून चक्कर आली, बाकीच्या लगीनसराईत हरवल्या. उरल्या बरोबर वीस. परिषदेला कळवलेला आकडाही वीसच.

आणि शेवटचे फोटो काढायच्या आठवड्यात डॉक्टरांनी कॉम्प्युटर घेतला. मी फोटो काढला की त्या कॅमेऱ्यातलं कार्ड तिथल्या तिथं काढून घ्यायच्या. कार्ड दुकानात आलंच नाही.

म्हणजे काय झालं, बघा. आधीच्या फोटोंना गाळणी लागली होती, नंतरच्यांना नाही. बायका आठवीतून नापास होऊन सातवीत गेल्या होत्या.

बकुळाबाई उठल्या. जाता जाता मला म्हणाल्या, “तुमचं काम मात्र चोख हं, लाटकर. आधीचा फोटो फार छान आलाय.”

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

त्या दिवशी आणखी सहाजणी आल्या. एक पडद्याकडे बघून रडवेली झाली. एकीनं विचारलं, “हे उतरेल ना डॉक्टर हळूहळू?” बाकीच्या पदर सारखा करून निघून गेल्या, ते जास्त वाईट. शेवटची गेल्यावर डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद केला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

“काका, समोर बसतात तेव्हा मला वाटतं, सुधारल्यात. मग फोटो बघते. म्हणजे माझे डोळेच मला फसवतात. मला हवंय म्हणून मला दिसतंय.”

“तसं नसेल, मॅडम,” मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

“फोटो खोटं बोलतो का?”

यावर मी कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत बसलो.

“परिषदेला अकरा दिवस आहेत. मी पेपर मागे घेते. त्याचं काही नाही, सर हसतील, हसू देत. पण वीस बायकांनी माझ्या भरवशावर चेहरे पुढं केले, काका. मी ते बिघडवले. यंत्र परत पाठवते. यापुढं नायटा.”

मी सांगायला हवं होतं, तिथंच, उभ्या उभ्या. सांगितलं नाही. कारण लाजिरवाणं आहे, पण आहे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सकाळी उठून दाढी करून जायला एक ठिकाण होतं, ते हे. आणि गावात मी ज्याला त्याला सांगत आलो होतो की लाटकरचं टचिंग कुणाला ओळखता येणार नाही. ते खरं निघालं होतं.

घरी आलो. कुमुद, माझी बायको, पडवीत शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून शेंगा फोडू लागलो.

“काय झालं?” ती म्हणाली. “न सांगता कामाला हात लावलात म्हणजे काहीतरी झालंय.”

मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या.

“म्हणजे डॉक्टरीणबाईंनी चार महिने घासलं ते तुम्ही एका रात्रीत आधीच धुऊन ठेवलं होतं!”

“हसण्यासारखं नाही ते.”

“नाहीच. ती पोरगी तिकडं रडत असेल.” तिचं हसू थांबलं. “मूळचे फोटो आहेत का?”

“आहेत. निगेटिव्ह मी कधी टाकत नाही. ‘कच्चे’ म्हणून वेगळी सीडी आहे.”

“मग बसलात काय?”

“ती मला काढून टाकेल, कुमुद.”

“टाकू दे. घरी बसून शेंगा फोडा. पण खोटेपणानं कामावर ठेवून घेतलंत स्वतःला, तर उद्या कॅमेरा कुठल्या डोळ्यानं लावणार?”

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी सीडी घेऊन दारात उभा होतो. डॉक्टर आल्या. रात्रभर झोप नसावी. डोळ्यांखाली जे दिसत होतं ते घालवायला मला पाच मिनिटं लागली असती. मी तो विचार झटकला.

“मॅडम, आधीच्या फोटोंना मी टचिंग केलंय.”

“म्हणजे?”

“रेषा काढल्यात. डाग काढलेत. सवयीनं. हे मूळचे.”

त्यांनी सीडी घातली. बकुळाबाईंचा मूळ फोटो उघडला. शेजारी नंतरचा. पडद्यावर आता डोळ्याची कड उजळलेली दिसत होती, ओठावरचा भाग मऊ झालेला, वांगाचे डाग फिके. दोन्ही गाल. स्वच्छ दिसत होतं, आंधळ्यालाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“काका, तुम्ही माझे पेशंट माझ्या आधी बरे केलेत!”

“हो.”

“वीसच्या वीस?”

“चोवीस. गळालेल्या चौघीसुद्धा.”

“काल मी इथं बसून काय काय बोलले. तुम्ही ऐकत होतात.”

“होतो.”

“आणि गप्प बसलात.”

त्या उठून खिडकीशी गेल्या. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती, पण त्यांनी ती नीट बघितली.

“कामाचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आधी हे निस्तरा. सगळ्यांना बोलावून घेऊन मूळचा फोटो दाखवायचा आणि काय झालं ते खरं सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी नाही. मग प्रत्येकीनं उजव्या गालाला दहापैकी आणि डाव्या गालाला दहापैकी गुण द्यायचे, सही करायची. ज्यांचे फोटो पडद्यावर दाखवणार त्यांची परवानगी पुन्हा घ्यायची. वीस म्हणजे वीस. एकोणीस झाल्या तरी मी पुण्याला जाणार नाही.”

पुढचे सहा दिवस मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. बाईमाणसाला समोर बसवून सांगायचं, की ताई, तुम्ही त्या फोटोत दिसता तशा कधीच नव्हता. एकीनं मला सीडीचं पाकीट फेकून मारलं. एकीनं मूळ फोटो बघून शांतपणे विचारलं, “ही कोण?” मोटरसायकलवाल्याची बायको म्हणाली, “काका, नंतरच्यालापण लावा ना तसला हात, सगळंच एकदम होऊन जाईल.” पण खऱ्या ‘आधी’शेजारी खरं ‘नंतर’ ठेवल्यावर एकेकीचा चेहरा उजळत गेला. तो मात्र कॅमेऱ्यासमोर नव्हता.

एकोणीस सह्या झाल्या.

विसाव्या बकुळाबाई. त्यांनी दवाखान्यात पत्र पाठवलं होतं, सुवाच्य अक्षरात, समास सोडून: ‘माझे नाव व चेहरा या प्रयोगातून वगळावा.’ डॉक्टरांनी फोन केला तर बाईंनी ठेवून दिला.

“आता तुम्हीच जा,” डॉक्टर म्हणाल्या. परिषद पाच दिवसांवर होती.

बाईंचं घर मंगळवार पेठेत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण घरात शिरताना अजून तास सुरू झाल्यासारखं वाटायचं.

“या, लाटकर. तो कॅमेरा बाहेर ठेवा, चपलांपाशी.”

मी ठेवला आणि पाकीट घेऊन आत गेलो.

“डॉक्टरांची रदबदली करायला आला असाल तर चहा घ्या आणि जा.”

“बाई, माझ्याबद्दल बोलायला आलोय. तुमचा आधीचा फोटो...”

“तो? थांबा.” बाई उठल्या, कपाट उघडलं आणि एक तसबीर घेऊन आल्या. पहिल्या फोटोंच्या वेळी मी त्यांना दिलेली प्रत. चांगली सोनेरी चौकट, काच पुसलेली.

“आमच्या शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिकांच्या तसबिरींची रांग आहे,” बाई म्हणाल्या. “माझी जागा सावंतबाईंच्या शेजारी. सावंतबाईंची बघितलीत? पोरांनी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. फरार असल्यासारख्या दिसतात. तसं आपलं व्हायला नको म्हणून मी ही करून ठेवली. माझ्यामागं हार यालाच. मुलाला सांगून ठेवलंय.”

“बाई,” मी म्हटलं, “हा फोटो खोटा आहे.”

बाईंनी तसबीर टेबलावर ठेवली. “बोला.”

मी सांगितलं. पेन्सिलीपासून उंदरापर्यंत. काही वगळलं नाही. पाकिटातून मूळचा फोटो काढून समोर ठेवला. त्याच्या शेजारी नंतरचा.

बाईंनी मूळच्या फोटोकडे बघितलं. मग तसबिरीकडे. मग पुन्हा मूळच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते मला सांगता येणार नाही, मी टेबलाचा पाय बघत होतो.

“किती काढल्यात?”

“काय?”

“रेषा.”

“मोजल्या नाहीत, बाई.”

“मोजल्याशिवाय मी शिक्षा देत नाही. दाखवा.”

त्यांनी ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. मी मूळच्या फोटोवर बोट ठेवायचं, बाई तिथं खूण करायच्या. डोळ्यांच्या कडेला तीन-तीन. ओठावर दोन. हनुवटीखाली एक. गळ्याला एक. दोन भुवयांच्या मधे एक उभी, खोल.

“ही पण काढलीत?” बाईंचं पेन थांबलं.

“हो. ती सगळ्यात अवघड गेली.”

“जाणारच. ती पाचवी ‘ब’ची आहे. बासष्ट पोरी, एक वर्ग, छप्पर गळकं. एकही नापास झाली नाही.” त्यांनी शेवटची खूण केली. “अकरा. आता आजचा द्या. याला कुठं कुठं हात लावलाय?”

“कुठंच नाही.”

“का? लाज वाटली?”

“नाही. डॉक्टरांनी कार्ड काढून घेतलं.”

बाई हसल्या. खरं म्हणजे नाकातून फक्त हवा आली, पण मुख्याध्यापिकांचं ते हसणंच असतं. मग चष्मा सावरून त्यांनी अकरा खुणा एकेक करून आजच्या फोटोत शोधल्या. उजवा गाल, डावा गाल. दोनदा माझ्या हातात आरसा दिला आणि खिडकीच्या उजेडात स्वतःचाच चेहरा फोटोशी ताडून बघितला.

“चार गेल्या,” त्या म्हणाल्या. “तीन फिकट झाल्यात. चार आहेत तशा. पाचवी ‘ब’ जागची हललेली नाही.”

“तिच्यासाठी डॉक्टरांना सांगू का?”

“काही नको. राहू दे.”

त्यांनी फॉर्म पुढं ओढला. ‘उजवा गाल’समोर सहा लिहिले. ‘डावा गाल’समोर बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि सहाच लिहिले.

“डॉक्टरांना रक्तवाली बाजू जिंकायला हवी होती, असं ऐकलंय,” मी म्हटलं.

“मग त्यांनी जास्त अभ्यास करायचा. वाढीव गुण मी कुणाला दिले नाहीत.” सही झाली. पडद्यावर फोटो दाखवायच्या परवानगीवरही सही झाली. “मूळचा दाखवा आणि आजचा दाखवा. डोळ्यांवर काळी पट्टी लावू नका, मी काही चोरी केलेली नाही.”

मग बाईंनी तसबीर उलटी केली, मागचे चार खिळे सुरीनं वाकवले, माझा फोटो बाहेर काढला आणि आजचा आत बसवला. चौकटीत तो जरा कडक दिसला. पण माझ्यापुढं बसल्या होत्या त्याच बाई आत होत्या, अगदी त्याच.

“तो चांगला नव्हता, असं नाही,” काच पुसत त्या म्हणाल्या. “पण त्या बाईनं काही केलेलंच नाही. ही छत्तीस वर्षं उभी राहिलीय, आणि वर तीन वेळा सुया सोसल्यात हिनं.”

मी बाहेर काढलेल्या फोटोकडे बोट केलं. “आणि याला किती गुण, बाई?”

“कॉपी केलेला पेपर तपासत नाहीत, लाटकर. जप्त करतात.”

आणि त्यांनी तो कपाटात ठेवला. पालथा ठेवला नाही, हे मी बघितलं.

पुण्याला डॉक्टर मला घेऊन गेल्या. फोटोंबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर देणारा माणूस हवा, असं म्हणाल्या. मी शेवटच्या रांगेत बसलो. व्यासपीठावर त्यांनी सांगितलं की दोन्ही जोड्यांनी गुण येतो, रक्ताचं पाणी आणि सौम्य आम्ल यांत सांगण्यासारखा फरक वीस बायकांत तरी सापडला नाही, आणि वीस हा आकडा लहान आहे. आपल्याला काय हवं होतं तेही सांगितलं. माझ्या टचिंगचीही हकिकत सांगितली, नाव न घेता. सभागृह हसलं. मग बकुळाबाई पडद्यावर आल्या, बारा फूट उंच, दोनदा, काळी पट्टी न लावता, आणि हसणं थांबलं.

पहिल्या रांगेतले सर उठले. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी डोळ्याची कड बघितली, ओठ बघितला, भुवयांमधली उभी रेष बघितली.

“केतकी, इतके निर्दय फोटो मी उभ्या आयुष्यात बघितले नाहीत,” ते म्हणाले. “मुंबई-पुण्यात असा माणूस मिळत नाही. कुठून आणलास?”

“आमच्या कराडचे आहेत, सर. लाटकर काका. माझ्याकडेच असतात.”

माझं काम निर्दय आहे असं आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना नमस्कार केला.